चोक न ओढता सुरू होते, तिथेच उत्तर आहे

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय. आधी ते थोडक्यात देतो.

"वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील गेले त्यानंतर अकरा वर्षं गाडी शेडमध्येच उभी होती. मागच्या दिवाळीत बाहेर काढली. टाकी धुऊन घेतली, बॅटरी नवी टाकली. कार्बोरेटर गळत होता म्हणून मिस्त्रींनी तो पूर्ण खोलला, केमिकलमध्ये धुतला आणि नवं किट टाकून बसवला. तेव्हापासून डोक्याला ताप झालाय. सकाळी इंजिन थंड असताना चोक न ओढताही गाडी पटकन सुरू होते. पण रेस कमी केली की बंद पडते, म्हणून मिस्त्रींनी रेसचा स्क्रू बराच आत घेतलाय. मिक्श्चरचा स्क्रू आत घ्या नाहीतर बाहेर, काडीचा फरक पडत नाही. प्लग काजळीसारखे काळे येतात. ॲव्हरेज सातचं. खंबाटकी घाटात दोनदा बंद पडली, आत पेट्रोलचा वास सुटला आणि अर्धा तास सुरू झाली नाही. मिस्त्रींनी आतापर्यंत तीनदा कार्बोरेटर उघडलाय. आता म्हणतात, नवाच आणा. मेहुणे म्हणतात, मारुती एट हंड्रेडचा बसवून टाका. आईची फार इच्छा आहे की एकदा या गाडीतून शिखर शिंगणापूरला जाऊन यावं. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

सगळ्यात आधी एक विनंती. कार्बोरेटर चौथ्यांदा उघडू नका, निदान आठवडाभर तरी. तुम्ही पत्रात जे लिहिलंय त्यात निम्म्याहून जास्त निदान आलंय. तुमच्या गाडीनं काय होतंय ते स्पष्ट सांगितलंय, फक्त ते एका ओळीत मांडून बघायचं राहिलंय.

कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देतो, तेच मिक्श्चर. थंड इंजिनाला सुरू व्हायला घट्ट मिक्श्चर लागतं. म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, बरंचसं मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीच्या, भिंतींना चिकटून बसतं, म्हणून आपण चोक ओढून जादा पेट्रोल देतो. आता साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, रात्रभर उभी असलेली पद्मिनी चोक न ओढता सुरू होत असेल, तर चोकचं काम दुसरं कुणीतरी करतंय. तुम्ही हे गाडीचा गुण म्हणून लिहिलंय. मला तो सगळ्यात मोठा पुरावा वाटतो.

मिक्श्चरच्या स्क्रूचं सांगायचं तर, चालू इंजिनावर तो हळूहळू पूर्ण आत घेतला की इंजिन लडखडून बंद पडायलाच हवं, कारण त्या वाटेनं येणारं पेट्रोल आपण बंद केलेलं असतं. बंद पडत नाही याचा अर्थ इंजिन त्या वाटेच्या पेट्रोलवर चालतच नाहीये. एवढ्यावरून मात्र निकाल लागत नाही. आयडलचा जेट, म्हणजे मंद चालीचं पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी, तुंबला असेल तरी स्क्रू असाच निकामी वाटतो. तेव्हा त्याच्या जोडीला प्लग बघायचे. नुसता आयडल जेट तुंबलेल्या गाडीचे चारही प्लग काळे होत नाहीत आणि ती चोकशिवाय सुरू होत नाही. काळे प्लग, सातचं ॲव्हरेज, घाटातला वास आणि चोक न मागणारी सकाळ, हे सगळं एकच सांगतंय: कुठून तरी नको असलेलं पेट्रोल आत येतंय.

आणखी एक काम आजच करा. ऑइलची डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ऑइल पातळ होऊन पातळी खुणेच्या वर चढलेली असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नका. जळून न गेलेलं पेट्रोल रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइलची धार मारतं. कार्बोरेटरचा खर्च काही हजारांत भागतो, बेअरिंगं गेली तर नाही भागत.

आता नको असलेलं पेट्रोल येण्याच्या वाटा बघू. त्या फार नाहीत. सोप्यापासून सुरुवात करू, कारण सोप्या तपासण्यांना पाना लागत नाही.

पद्मिनीवरच्या सोलेक्स कंपनीच्या या कार्बोरेटरवर चोक म्हणजे गळ्यावरची झडप नव्हे. बाजूला एक वेगळं छोटं खातं असतं, त्याला स्टार्टर म्हणतात. त्यात एक चपटी गोल चकती असते, तिला भोकं असतात. डॅशवरची दांडी ओढली की चकती फिरते, भोकं समोरासमोर येतात आणि वेगळ्या वाटेनं घट्ट मिक्श्चर थेट थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरनं उघडमिट होणाऱ्या पाकळीच्या, खाली जातं. दांडी आत ढकलली की चकती परत फिरून ही वाट पूर्ण बंद करते. आता ही चकती पूर्ण परतली नाही, तर चोक कायम थोडा ओढलेलाच राहतो आणि डॅशवर दांडी मात्र आत गेलेली दिसते. अकरा वर्षं उभ्या गाडीत चोकची वायर गंजून आखडते. किंवा फिट करताना वायर इतकी ताणून बांधली जाते की लिव्हर शेवटपर्यंत जातच नाही.

तपासणी अगदी साधी आहे. इंजिन गरम करून चालू ठेवा. बोनेट उघडून कार्बोरेटरवरचा चोकचा लिव्हर बोटानं बंदच्या दिशेला दाबा. तो केसभर जरी सरकला आणि इंजिनाचा आवाज बदलला, तर चोर सापडला. मग वायरचा स्क्रू ढिला करून लिव्हर पूर्ण बंदला नेऊन पुन्हा बांधा, आणि दांडीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल ठेवा. लिव्हर आधीच शेवटाला टेकलेला असेल, तर चकतीच नीट बसलेली नाही असं होऊ शकतं. हे खातं एक-दोन स्क्रूवर बाजूनं सुटतं, अख्खा कार्बोरेटर काढावा लागत नाही. चकती उलटी बसलीय का, तिच्या आणि बॉडीच्या पृष्ठभागावर ओरखडे आहेत का, मागची स्प्रिंग जागेवर आहे का, एवढं बघायचं. तुमचा कार्बोरेटर केमिकलमध्ये बुडवलेला आहे. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते. तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक ती खातं, आणि घासून गुळगुळीत केलेले हे चपटे पृष्ठभागच आधी खरबरीत होतात. तसं झालं असेल तर काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून चकती हलक्या हातानं गोल गोल घासा, चारी बाजूंनी सारखी चमक येईपर्यंत.

आता फ्लोटची पातळी. फ्लोट म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा डबा, आणि निडल वॉल्व्ह म्हणजे तो वर आला की पेट्रोल बंद करणारी झडप. तुमच्या गाडीत मला सगळ्यात जास्त संशय इथलाच आहे, आणि त्याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझ्या गॅरेजमध्ये एका डॉक्टरांची पद्मिनी यायची. कार्बोरेटर गळतो म्हणून मी किट टाकलं, आणि तुमच्या गाडीसारखीच लक्षणं सुरू झाली. काळा धूर, वास, सिग्नलला बंद. मी चार दिवस घातले. जेट बदलले, पॉइंट बदलले, पंप खोलला. पाचव्या दिवशी सकाळी झाडताना जुन्या सामानाचा डबा लवंडला आणि काढून टाकलेला जुना निडल वॉल्व्ह पायाशी आला. त्याच्या आट्यांच्या बुडाशी एक वॉशर चिकटलेला होता, शिलाकच्या चिकट लेपानं काळा पडलेला, वॉल्व्हचाच भाग वाटावा असा. मी नखानं उचकटला तर चांगला जाड निघाला. किटमधला वॉशर पातळ पत्र्यासारखा होता. फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी असेल, पण गाडीचं सगळं दुखणं त्या फरकात होतं.

तो वॉशर नुसती गळती थांबवायला नसतो. या सोलेक्समध्ये निडल वॉल्व्ह वरच्या झाकणात खालच्या बाजूनं आट्यांवर बसवलेला असतो. फ्लोट वर आला की निडल दाबतो आणि पेट्रोल थांबतं. वॉशर जाड असला की वॉल्व्ह खाली उतरतो, म्हणजे फ्लोट त्याला लवकर भिडतो आणि वाटीतली पातळी कमी राहते. वॉशर पातळ झाला की वॉल्व्ह वर जातो, फ्लोटला जास्त वर यावं लागतं आणि पातळी चढते. पातळी ठरवायचं साधन म्हणजे हाच वॉशर. पण किटमध्ये एकच वॉशर येतो, तो सगळ्या गाड्यांना चालतो असं समजून टाकला जातो, आणि जुना कचऱ्यात जातो. पातळी चढली की मुख्य नळीतून इंजिनानं न ओढताही पेट्रोल पाझरू लागतं. घाटात चढावर आणि वळणावर वाटी कलली की ते आणखी उसळतं.

म्हणून तुमच्या मिस्त्रींकडे जाऊन आधी जुनं सामान मागा. बरेच मिस्त्री जुने सुटे भाग पिशवीत बांधून ठेवतात. त्यात निडल वॉल्व्ह सापडला तर त्याच्या बुडाशी वॉशर आहे का बघा, आणि असला तर व्हर्नियरनं जाडी मोजा. नव्याखालच्या वॉशरशी ताडून बघा.

पिशवी मिळाली नाही तरी पातळी चढलीय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. एअर फिल्टर काढा, इंजिन चालू ठेवा आणि टॉर्च धरून कार्बोरेटरच्या गळ्यात बघा. इंजिन मंद चालत असताना मधल्या मुख्य नळीतून पेट्रोलचा थेंबही येता कामा नये. ती नळी रेस दिल्यावरच बोलते. तिथून टपटप होत असेल किंवा ओठावर पेट्रोल ओलं चमकत असेल, तर पातळी वर आहे. फक्त तुमच्याकडे रेसचा स्क्रू खूप आत घेतलेला आहे, म्हणून ही तपासणी तो मागे घेऊनच करा. इंजिन जगेना तर कुणाला तरी आत बसवून पॅडलवर पाय अगदी हलका ठेवायला सांगा. मग इंजिन बंद करा आणि मिनिटभर बघत राहा. बंद केल्यावरही टपकत असेल तर निडल बसत नाहीये.

निडल न बसण्याची कारणं वेगळी. तुमची टाकी धुतलेली आहे, पण अकरा वर्षांचा गंज एका धुण्यात जात नाही. त्याचा एक कण निडलखाली अडकला तरी पुरतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत पारदर्शक फिल्टर बसवा आणि तळाशी तांबूस चुरा साठतोय का ते आठवडाभर बघा. फ्लोट पितळी असेल तर कानाजवळ हलवून ऐका, आत पेट्रोल खळखळलं तर त्याला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलंय. आवाज आला नाही तरी गरम पाण्यात बुडवून धरा. आतली हवा तापून फुगते आणि छिद्र असेल तिथून बुडबुड्यांची बारीक माळ वर येते. असा फ्लोट डाग देऊन दुरुस्त होतो, पण आतलं पेट्रोल पूर्ण उडून गेल्याशिवाय डाग देणारी कावी त्याच्या जवळही नेऊ देऊ नका. आणि पेट्रोल पंप अलीकडे बदलला असेल तर तेही लिहून कळवा. नव्या पंपाचा दाब जास्त असला तर चांगला निडलही तो उचलून धरतो. पंप आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग पातळ टाकलं तरी दाब वाढतो, कारण पंपाच्या दांडीची चाल वाढते.

आता रेसच्या स्क्रूबद्दल. मिस्त्रींनी तो आत घेतला यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. गाडी बंद पडत होती, गिऱ्हाईक समोर उभं होतं. पण त्यानं खरा आजार झाकला गेलाय. रेसचा स्क्रू आत घेतला की थ्रॉटलची पाकळी थोडी उघडी राहते. तिच्या कडेला लागूनच बॉडीत दोन-तीन सूक्ष्म भोकं असतात, मंद चालीतून वेगाकडे जाताना झटका बसू नये म्हणून. पाकळी जास्त उघडली की तिची कड या भोकांच्या पलीकडे जाते आणि तिथून पेट्रोल ओढलं जाऊ लागतं. त्या पेट्रोलवर मिक्श्चरच्या स्क्रूचा काहीही ताबा नसतो. म्हणजे स्क्रू निकामी होण्याचं एक कारण आपणच तयार केलंय.

तेव्हा चोकचा लिव्हर आणि फ्लोटची पातळी ठीक झाल्यावर सेटिंग मुळापासून करा. इंजिन बंद असताना रेसचा स्क्रू इतका मागे घ्या की पाकळी पूर्ण मिटेल, मग स्क्रू टेकल्यापासून साधारण एक फेरा आत. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या बोटांनी आत टेकवा, जोर लावला की त्याच्या टोकाला खाच पडते आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही. तिथून दीड फेरा बाहेर. इंजिन पूर्ण गरम करून मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जा. एका जागी इंजिन सगळ्यात गुळगुळीत आणि सगळ्यात वेगात चालेल. तिथे थांबा, रेस थोडी कमी करा, आणि मिक्श्चर पुन्हा एकदा जुळवा. पद्मिनीत आरपीएमचा काटा नाही, पण कान पुरतो. सायलेन्सरमागे हाताचा तळवा धरला तर चार सिलिंडरचे ठोके एकसारखे लागतात की मधून एखादा चुकतो, हेही कळतं.

इतकं करूनही रेस मागे घेतल्यावर गाडी जगतच नसेल, तर मात्र आयडलचा जेट बाहेरून काढून उजेडाकडे धरून बघा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतं, त्यातून उजेडाचा स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. हवा मारून साफ करा. तार घालू नका, कुणाला घालूही देऊ नका. जेट पितळेचा असतो आणि तारेनं त्याचं भोक वाढतं. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर. तो १२५ झाला तर व्यास जेमतेम चार टक्क्यांनी वाढतो, पण भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. तारेची दोन खरवडणी यापेक्षा जास्त नुकसान करते आणि आकडा मात्र जुनाच राहतो, त्यामुळे पुढचा मिस्त्री फसतो.

घाटात बंद पडून अर्धा तास सुरू न होण्याचा वेगळा विचार करायला हवा. पातळी चढलेली असणं हे त्याचं मोठं कारण आहेच. दुसरं कारण बघायला कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये डोळा घाला. तिथे जाडसर काळा किंवा तपकिरी बेकलाइटचा ठोकळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पॅकिंग दिसायला हवं. तो ठोकळा उष्णता वर चढू देत नाही. कार्बोरेटर तीनदा उतरवल्यावर तो भेगाळला म्हणून टाकून दिला जातो आणि नुसत्या पॅकिंगवर कार्बोरेटर बसवला जातो, हे मी अनेकदा पाहिलंय. मग घाट चढून गाडी थांबली की मॅनिफोल्डची धग वाटीतल्या पेट्रोलला उकळी आणते आणि ते सरळ सिलिंडरकडे जातं. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे जुन्या गाड्यांचा हा त्रास वाढलाय. ठोकळा नसेल तर तो मिळवा, त्याला पर्याय नाही. पॅकिंगचा कागद पुण्याला नाना पेठेत चांगला मिळतो, एकदाच आणून दोन-तीन कापून ठेवा.

बसवताना कार्बोरेटरचे दोन नट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच नट करकचून आवळला की बुडाचा फ्लँज केळीसारखा वाकतो आणि मधून हवा खेचू लागतो. शंका आली तर इंजिन चालू ठेवून बुडाच्या सांध्यावर झाडांना पाणी मारायच्या बाटलीनं पाण्याचा फवारा मारा. चाल बदलली तर हवा आत जातेय. काही गॅरेजमध्ये याच कामासाठी पेट्रोल ओततात. तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पेट्रोल ओतणं म्हणजे आग लावणं आहे. तुम्ही ते करू नका आणि तुमच्या गाडीवर करूही देऊ नका.

पुन्हा कधी अशी बंद पडली, तर ॲक्सिलरेटर पंप करत बसू नका. प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल जातं. पॅडल सावकाश पूर्ण खाली दाबून तसंच धरा आणि सेल्फ मारा. पाकळी पूर्ण उघडली की भरपूर हवा जाते आणि साचलेलं पेट्रोल निघून जातं. सुरू झाली की हळू सोडा.

उचलताना झटका बसतो की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही. आता मिक्श्चर इतकं घट्ट आहे की कदाचित जाणवणार नाही, पण ते ताळ्यावर आलं की जाणवू शकतं. तसं झालं तर इंजिन बंद ठेवून गळ्यात बघत थ्रॉटल झटकन उघडा. पेट्रोलची सलग बारीक पिचकारी उडाली पाहिजे. नुसते थेंब पडले तर कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा पडदा उलटा बसलाय, किंवा पेट्रोल परतू न देणारी एवढीशी पोलादी गोळी धुताना निसटून गेलीय. या गोळ्या मोहरीपेक्षा थोड्याच मोठ्या असतात. कार्बोरेटर उघडायचा तर खाली पांढरी परात ठेवायची, ही माझी कायमची सवय आहे.

कार्बोरेटरला हात लावण्याआधी पॉइंट आणि कंडेन्सर एकदा बघून घ्या, कारण कमजोर ठिणगीनंही प्लग काळे होतात. वायर प्लगपासून काढून बॉडीजवळ धरली की ठिणगी निळसर आणि आवाज करणारी हवी. पिवळट, बारीक असेल तर कंडेन्सर बदला. पेट्रोलचा वास येत असताना मात्र ही तपासणी करू नका, बोनेट उघडं ठेवून वारा लागू द्या. प्लगच्या वायरी काढल्या असतील तर क्रम १-३-४-२ आहे. पण ठिणगीचा दोष असता तर गाडी चोकशिवाय पहिल्या सेल्फला सुरू झाली नसती, म्हणून मी त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

रबराचं मात्र मनावर घ्या. अकरा वर्षांपूर्वीचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या पंपाचा पडदा, यातलं काहीही आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेलं नाही. ते फुगतं, चिकट होतं, आणि आतून सोलपटून त्याचे काळे कण जेटमध्ये जातात. पाइपावर जे३० आर९ असा शिक्का बघून घ्या, तो या पेट्रोलला टिकतो. या पेट्रोलला हवेच्या मानानं थोडं जास्त इंधन लागतं, म्हणून काही जण मुख्य जेट एक नंबर मोठा टाकतात. तो विचार शेवटी करा, प्लगचा रंग बदामी-करडा आल्यावर. आता मोठा जेट टाकला तर सगळा घोळ पुन्हा सुरू होईल.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. मारुतीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. तुमचं १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्यांचा कार्बोरेटर तुमच्या मॅनिफोल्डवर पट्टी बनवून बसवता येतो आणि गाडी चालतेही. पण जेट दुसऱ्या इंजिनासाठी ठरवलेले असतात, लिंकेज जुळवावं लागतं, आणि उद्या दोष आला की तो इंजिनाचा की जोडकामाचा हे कुणालाच सांगता येत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात ज्या बांधणीनं हे इंजिन बसवलं गेलं, त्या बांधणीत एका वॉशरनं सुटणारा प्रश्न असेल तर तो तसाच सोडवावा. नवा सोलेक्स आणायलाही माझा विरोध नाही, पण नव्यातही तोच पातळ वॉशर असला तर पैसे जाऊन दुखणं राहील. तुमचा जुना फारच झिजला असेल, म्हणजे थ्रॉटलची दांडी दोन बोटांत धरून वर-खाली लडबडत असेल, तर त्याला बुश बसवून घ्या. चांगला टर्नर ते एका दिवसात करतो.

हे सगळं एकाच दिवशी करू नका. एक गोष्ट बदला, प्लग पुसून बसवा, पाच-सहा किलोमीटर चालवा, प्लग काढून बघा, वहीत लिहा. तुमच्या मिस्त्रींनी तीनदा उघडला तेव्हा प्रत्येक वेळी बऱ्याच गोष्टी एकदम हलल्या असणार, म्हणून कशानं काय झालं हे कुणालाच कळलं नाही. त्यांच्यावर रागावू नका. त्यांना सोबत घ्या, हा मजकूर दाखवा. जुना सोलेक्स उघडायला तयार असलेला माणूस आज तालुक्याला एखादाच उरलाय.

सेटिंग झालं असं वाटलं की पीयूसी केंद्रावर जा. दाखला लागतोच, पण त्या यंत्रावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा स्वतः बघून लिहून घ्या. तुमच्या काळातल्या पेट्रोल गाडीला मर्यादा ३ टक्के आहे. सध्या गाडी बहुतेक त्याच्या बरीच वर असेल. मंद चालीत आकडा दोनच्या आसपास आला तर मिक्श्चर बरोबर बसलंय असं समजा. जुळवाजुळवीच्या कामाला एवढं चांगलं मोजमाप इतक्या स्वस्तात दुसरं मिळत नाही.

आईंना नेण्याआधी एकदा रिकामी गाडी खंबाटकीवर चढवून आणा. वर पोचल्यावर बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि चोक न ओढता सुरू करा. गरम असताना अशी पहिल्या सेल्फला उठली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना तिनं चोक मागितला, की शिंगणापूरच्या चढाला हरकत नाही.

आणि मिस्त्रींच्या पिशवीत तो जुना निडल वॉल्व्ह सापडला, तर वॉशरची जाडी मला नक्की कळवा.